डफ थंडा हाये

मी रूपराव चाफले. हिंगणीच्या अलीकडं, बोर धरणाच्या रस्त्याले आमचं गाव. तीस वर्षं झाले, डफ वाजवून राह्यलो. पह्यले गावच्या दंडारीत, म्हंजे रातभरच्या नाचगान्यात, वाजवत होतो, मंग कोन्या साहेबानं माह्यं नाव कुठंतरी लिहून घेतलं अन् महोत्सवाइचे बोलावणे सुरू झाले. दिल्ली झाली, भोपाळ झालं, पुणं तं दोन डाव झालं. हे बढाई म्हनून नाई सांगून राह्यलो. बढाई मारल्यानं काय होते, थे सांगाले बसलो.

महोत्सव म्हंजे काय, थे पह्यले समजून घ्या. दीड दिवस रेल्वेत बसा, पाय आखडून झोपा, अन् स्टेजवर चढलं की एक पोरगी हातात कागद घेऊन म्हनते, "काका, फक्त सात मिनिटं." सात मिनिटांत आमचं नमनही होत नाई बाप्पा! दिल्लीत एकानं मले इचारलं, हे वाद्य कोन्या देशाचं हाये. भोपाळले तं आमच्या डोक्याले मोरपिसं बांधले. काऊन, तं म्हने फोटोत रंग पाह्यजे. मी अन् माहा जोडीदार चिंधू, दोघंही कापूस पिकवनारे मानसं, दोन घंटे पिसं लावून उभे होतो.

चिंधू झांज वाजवते, मांगून सूर धरते, अन् बाहीरगावी गेलं की डफ तापवते. डफ म्हंजे लाकडाचं कडं अन् त्यावर ताणलेलं बकरीचं चामडं. चामड्याले गारवा लागला की थे ढिलं पडते. मंग डफ बोलत नाई, नुस्ता भद् भद् करते. म्हनून वाजवाच्या आधी त्याले इस्तवावर शेकाच लागते. कमी शेकला तं भद्, जास्त शेकला तं फाट्‌कन फाटते. घरी असलो की डफ मले तापून हातात भेटे, बाहीरगावी चिंधू होता. माह्यं काम वाजवाचं.

पन पुण्याले मले कार्यशाळा घ्याले लावली. समोर पन्नास मानसं वह्या घेऊन बसले. आता काय सांगाचं? म्या आवाज खाली घेतला अन् सांगतलं, "डफ डोळ्यानं नाई, नाकानं तापवाचा. शेकल्या पापडासारखा वास सुटला की उचलाचा. हे आमच्या गुरूचं गुपित हाये." बायाइनं पटापट लिहून घेतलं. गुरू कोन, थे कोनी इचारलं नाई, म्या सांगतलं नाई.

घरी आलो की मी विमलले, म्हंजे माह्या बायकोले, सगळं सांगत होतो. "विमल, दिल्लीत अख्खा हॉल उभा राह्यला. टाळ्या अशा, की मले कानावर हात ठेवा लागला." ती म्हने, "हं. पाय धुवा." लोक उभे राह्यले हे खरंच हाये. माह्या मागोमाग जेवनाची सुट्टी होती, एवढंच मी घरी बोललो नाई.

तीस वर्षांत विमलनं मले स्टेजवर पाह्यलं नाई. कशी पाहीन? आमच्या घरी गाय. अन् आमचा भाग जंगलाले लागून, गोठा सुना ठेवला तं वाघ रातूनच येऊन हिशेब करते. म्हनून मी महोत्सवात अन् ती गोठ्यात, असं आमचं चाललं होतं. मले त्यात काही वावगं वाटत नोतं, खोटं काऊन बोलू.

मंग औंदा दिवाळीनंतर गुवाहाटीचं पत्र आलं. बारा दिवस, फेब्रुवारीत. मी खुशीत पत्र घेऊन गोठ्यात गेलो. विमल गायीच्या पाठीवर हात फिरवून राह्यली होती.

"गाय कवा विणार हाये?" तिनं इचारलं.

"फेब्रुवारीत."

"अन् तुमी कुठी असान?"

म्या पत्र मांगं लपवलं. ती काही ओरडली नाई. विमल ओरडत नाई, हेच तं वाईट हाये. तिनं हात धुतले, घरात गेली, पेटी उघडून हातोडी काढली अन् ओसरीतल्या भिताडात एक लंबा खिळा ठोकला. तीन ठोक्यात आत.

"हे काय हाये?" म्या म्हनलं.

"डफाची जागा. वर्ध्याले येत्या ऐतवारी महोत्सव हाये ना तुमचा? मी येते पाह्याले. तुमी सांगता तसे लोक सच्ची उभे राह्यले, तं जा गुवाहाटीले, गायीचं मी पाहीन. नाई उभे राह्यले तं डफ ह्या खिळ्यावर. मंग त्याले हात लावाचा नाई."

"अन् त्या दिवशी गोठा?"

"वर्षालीले बोलावलं."

वर्षाली आमची लेक, समुद्रपूरले देली. म्हंजे पत्राचं तिले पोस्टमनकडून आधीच समजलं होतं, अन् बाईनं सगळी तयारी करून ठेवली होती! म्या हसून म्हनलं, "ये ना, पाह्य." पन रातभर झोप आली नाई. मले ठाऊक होतं ना, उभं कोनी राहत नसते. डफाबिगर मी काय करीन, ह्याचाच इचार करत राह्यलो. मले दुसरं काही येतच नाई हो. कापूसही माह्यापेक्षा विमल चांगला येचते.

ऐतवारी सकाळच्या हिंगणीच्या एसटीनं आमी तिघं निंघालो. मी फेटा बांधून, चिंधू गोणपाटाचं पोतं घेऊन, विमल जांभळं लुगडं नेसून खिडकीजवळ. पोत्यात गोवऱ्या अन् कापसाच्या पऱ्हाट्या होत्या, डफासाठी. हॉलच्या गेटवर शिपायानं पोतं उघडलं.

"हे काय आहे?"

"गोवऱ्या," चिंधू म्हने.

"आत पूर्ण एसी आहे. आग लावायला बंदी. पोतं इथंच ठेवा."

चिंधू लय भांडला, पन शिपाई काही ऐके ना. शेवटी चिंधूनं रस्त्यापलीकडच्या चहावाल्याच्या भट्टीवर डफ शेकून आनला. टिचकी मारली तं टण्ण बोलला. दहा वाजले होते. साडेदहाले माह्यं वाजवनं होतं. म्या म्हनलं, जमलं.

पन पाहुणे आले नाई! पाहुण्याइची गाडी कुठंतरी दुसऱ्या उद्घाटनात अडकली म्हने. अकरा वाजले, बारा वाजले. हॉलमधी एसी असा, की माह्ये दात वाजाले लागले. विमल तिसऱ्या रांगेत पदर लपेटून बसली होती. ती दोनदा माह्याकडं पाहून हातानं गोल करून काहीतरी सांगून राह्यली होती. मले वाटलं, जेवनाचं इचारते. म्या मान हालवली.

बारा वाजून गेल्यावर पाहुणे आले. समई पेटवली. चांगली गुडघ्याएवढी पितळेची समई, पाच वाती. मंग सूत्रसंचालन करनाऱ्या चारुता मॅडम माइकवर आल्या. पोरगी चांगली, नागपूरची, लोककलेवर अभ्यास करते. ती म्हने, "आता आपण एक आगळीवेगळी गोष्ट करणार आहोत. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते वाद्यपूजन! रूपराव काका, आपला डफ घेऊन यावं."

मी छाती काढून गेलो. टेबलावर लाल कपडा, त्यावर डफ ठेवला. पाहुण्याइनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. तिथलोक ठीक होतं. मंग त्यायनं तांब्यातला आंब्याच्या पानाइचा डगळा उचलला अन् डफावर सपासप पानी शिंपडलं! एकडाव नाई, तीन डाव. त्यावर झेंडूचा हार टाकला. हार कसा, तं ताजा राहावा म्हनून सकाळपासून बकेटीत बुडवून ठेवलेला. पानी टपटप चामड्यावर गळून राह्यलं होतं.

म्या तवाच बोलाले पाह्यजे होतं. 'साहेब, चामडं हाये, पानी नका टाकू' एवढंच म्हनाचं होतं. पन समोर फोटोवाला होता. त्यानं म्हनलं, "काका, इकडं पाहा, जरा हसा." मी हसलो. डफ बुडून राह्यला होता अन् मी दात काढून उभा! तिसऱ्या रांगेत विमल अर्धी उठली होती. म्या डोळ्यानंच दटावलं, बस म्हनून.

फोटो झाल्यावर म्या हळूच फेट्याच्या शेवानं चामडं पुसलं. बोटानं दाबून पाह्यलं, तं बोट आत गेलं. पुरी कशी तळाच्या आधी मऊ राहते, तसं. माह्या तोंडचं पानी पळालं. चिंधूनं पाह्यलं अन् डोळे मिटून घेतले.

"काका," चारुता मॅडम म्हने, "वाजवण्याआधी डफ तापवण्याची कला लोकांना सांगा ना. पुण्याच्या कार्यशाळेत तुम्ही फार छान सांगितलं होतं."

मले तं बरंच झालं. जेवढा टाइम बोलीन तेवढं वाजवनं लांबन. म्या माइक धरला अन् सुरू झालो. डफ तापवनं म्हंजे तपस्या हाये. तीस वर्षं मी रोज इस्तवासमोर बसलो. हात भाजले, पन डफ फाटू देल्ला नाई. शेकल्या पापडासारखा वास, गुरूचं गुपित, सगळं सांगतलं. लोक मान हालवून राह्यले होते. विमल मात्र माह्याकडं अशी पाहून राह्यली होती, जसा मी कोनी दुसराच मानूस हाये.

सात मिनिटं संपले, माह्यं बोलनंही संपलं. आता वाजवाच लागनार होतं. म्या डफ छातीले लावला, देवाचं नाव घेतलं अन् थाप मारली.

भद्.

म्या आनखी जोरानं मारली. भद्द. पह्यल्या रांगेतलं एक लहान लेकरू खुदकन हसलं. त्याच्या मायनं त्याचं तोंड दाबलं, मंग तिलेच हसू आलं. डोळ्यासमोर तो खिळा आला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "अवो, डफ थंडा हाये!"

माइक नोता, तरी तो आवाज मांगच्या भिताडापर्यंत गेला. गोठ्यातून वावरात हाक मारनारीचा आवाज तो. विमल उठली, लोकाइच्या गुडघ्याइतून वाट काढली अन् सरळ स्टेजवर चढली. शिपाई मांगं मांगं, "ओ बाई, ओ बाई" करत.

"द्या इकडं," ती मले म्हने. म्या डफ देल्ला. तिनं हार काढून टेबलावर ठेवला, चामड्यावरून बोट फिरवलं अन् पाहुण्याइकडं अशा नजरेनं पाह्यलं, की त्यायनं घड्याळ पाहाचं सोंग केलं. मंग पदरानं चामडं पुसलं, आतून, बाहीरून, कडेच्या खाचेतून. अन् डफ घेऊन समईजवळ गेली.

"बाई, इथं आगीवर काही करायचं नाही, बंदी आहे," शिपाई म्हने.

विमलनं समईकडं बोट केलं. "मंग हे काय पेटलं हाये?"

शिपायानं समईकडं पाह्यलं, चारुता मॅडमकडं पाह्यलं, अन् खाली उतरून गेला.

विमल मांडी घालून बसली अन् डफ समईवर धरला. असा तसा नाई. ज्योतीपासून एक वीत वर, चामडं खाली, अन् सारखा गोल गोल फिरवत. तवा मले समजलं, बाई दोन घंट्यापासून हातानं गोल करून काय सांगून राह्यली होती. 'शेका' म्हनत होती! मले जेवन दिसत होतं.

चारुता मॅडम माइक घेऊन तिच्या बाजूले खालीच बसली. "काकू, काय करताय ते आम्हाला सांगाल का?"

"सांगाचं काय त्यात? शेकून राह्यली," विमल म्हने. "तेलाची वात हाये, जवळ धरलं तं काजळी धरते. म्हनून दूर. एका जागी ठेवाचा नाई, नाई तं तिथंच जळते. पह्यले कडा शेकाच्या, मंग मधात याचं. लोक उलटं करते, म्हनून फाटते."

"हे काकांनी नव्हतं सांगितलं," मॅडम म्हने.

"ह्याइले काय माहीत? ह्याइनं कधी तापवलाच नाई. तीस वर्षं झाले, चुलीजवळ मीच बसते. एक डाव म्हनलं, जरा धरा, मी भाकर उलटवते. तं एवढं मोठं भोक पाडलं."

हॉल हासला. म्या चिंधूच्या मांगं जाऊन उभं राहाचा प्रयत्न केला, पन चिंधू बारीक मानूस हाये.

"आणि तयार झाला हे कसं ओळखायचं?"

"वासावरून. शेकल्या पापडासारखा वास आला का उचलाचा."

चारुता मॅडम थबकली. "पण ते तर काकांच्या गुरूंचं गुपित आहे ना?"

"कोन गुरू?" विमल म्हने.

काय सांगू तुमाले, अख्खा हॉल फुटला. पाहुणे रुमाल तोंडावर धरून हासत होते. मले वाटलं, धरणी फाटावी अन् त्यात मी, डफ, चिंधू, सगळ्याइनं जावं. लाज वाटली, लय वाटली. पन त्या लाजेतही माह्यं ध्यान तिच्या हाताकडं होतं. तिचे हात घाईत नोते. हॉल हासून राह्यला होता अन् ती डफ फिरवून राह्यली होती, कडा, मंग मधात. इतक्या वर्षांत मी तिले हे करतानी बसून कधी पाह्यलंच नोतं. मी बाहीर फेटा बांधत राहो.

धा मिनिटं झाले असतीन. हॉल आता चूप झाला होता. विमलनं डफ नाकाजवळ नेला, उठली, अन् मधल्या बोटानं एकच टिचकी मारली.

टण्ण!

तो आवाज छताले लागून खाली आला. मांगून एकानं टाळी वाजवली, मंग धा जनाइनं, मंग पह्यली रांग उभी राह्यली, मंग दुसरी. अख्खा हॉल उभा! म्या घड्याळ पाह्यलं. जेवनाच्या सुट्टीले अजून अर्धा घंटा होता.

विमलनं डफ माह्या हातात देल्ला. "आता तरी नीट वाजवा," ती हळूच म्हने. अन् खाली गेली नाई, तिथंच समईजवळ बसली.

मी वाजवलं. सात मिनिटाइचं काही राह्यलं नाई. चारुता मॅडमनं एकडाव कागद वर केला, तं विमलनं तिले हातानं खाली बसवलं. चिंधूची झांज अशी लागली, की भोपाळचे पिसं विसरलो. मी दिल्लीसाठी नाई, पुण्यासाठी नाई, समईजवळ बसलेल्या एका बाईसाठी वाजवत होतो, अन् खरं सांगतो, तीस वर्षांत तसं कधी वाजलं नोतं.

संध्याकाळच्या एसटीत आमाले जागा भेटली. चिंधू मांगं पोत्यावर झोपला होता. विमलच्या गळ्यात मॅडमनं घातलेला बिल्ला होता. मॅडमनं त्यावर पेनानं लिहून देल्लं होतं, 'विमलाबाई चाफले, प्रशिक्षक'. ती तो उलटून पालटून पाहून राह्यली होती.

सेलू मांगं पडलं तवा म्या हिंमत केली. "विमल, लोक माह्यासाठी नाई, तुह्यासाठी उभे राह्यले. मी ठेवतो डफ खिळ्यावर. अन् आनखी एक. दिल्लीले लोक उभे राह्यले, कारन जेवनाची सुट्टी झालती."

"माहीत हाये," ती म्हने. "चिंधूनं तवाच सांगतलं."

म्या मांगं वळून चिंधूकडं पाह्यलं. झोपेचं सोंग घेऊन राह्यला होता लेकाचा.

"तुले माहीत होतं? मंग इतले वर्षं बोलली काऊन नाई?"

"तुमी घरी येऊन सांगत होते तवा तुमचं तोंड लहान लेकरासारखं होत जाये. मी काऊन मोडू?"

म्या इचारलं, "मंग खिळा काऊन ठोकला?"

ती खिडकीबाहीर पाहून राह्यली होती. "तीस वर्षं तुमी जाता. एकडावही म्हनलं नाई, विमल, चालतं का म्हनून. खिळा ठोकला नसता तं मले वर्धा कोनं दाखवला असता?"

गाव येईपर्यंत मी तिचा बिल्ला हातात घेऊन वाचत बसलो.

घरी आल्या आल्या म्या गुवाहाटीले फोन लावाले सांगतलं. वर्षालीनं लावून देल्ला. म्या म्हनलं, आमी दोन नाई, तीन जन येतो, अन् तिसरं मानूस पह्यलं लिहा. गायीसाठी वर्षाली फेब्रुवारीत येऊन राहीन, तिच्या सासूले संग घेऊन. विमल गोठ्यातून सगळं ऐकत होती. रातच्याले तिनं ट्रंकीतलं स्वेटर काढून उन्हात टाकाले म्हनून बाहीर ठेवलं.

अन् तिनं एक अट घातली. गुवाहाटीले ती तापवून दाखवन, पन घरी आता मले शिका लागन.

म्हनून आजकाल रोज सकाळी मी चुलीजवळ बसतो. ओसरीतल्या खिळ्यावर तिचा बिल्ला लटकते, अन् डफ माह्या हातात. कडा पह्यले, मंग मधात. वास घेतो, उचलतो, टिचकी मारतो. आतालोक तीन बोटं भाजले. विमल गोठ्यात दूध काढत राहते, ती मान वळवूनही पाहत नाई.

"थंडा हाये," ती तिथूनच म्हनते, "अजून धरा."